दळवीभाऊंची ने-आण

आमचं सामान टेम्पोतून उतरत होतं, तेव्हा दळवीभाऊ मला पहिल्यांदा दिसले. अंबरनाथला, बुवापाड्याच्या अलीकडच्या रस्त्यावर आमची ती तीन मजली इमारत होती. जिन्याच्या तोंडाशी लेंगा-बनियन घातलेले एक गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभे होते. हमालांनी कपाट उचललं, तेवढ्यात ते म्हणाले, "कपाट आत्ता नाही. आधी गाद्या, मग पिंप, मग कपाट. आधी कपाट नेलंत तर बाकीचं सगळं सामान त्याला वळसा घालून न्यावं लागेल." हमालांना वाटलं, हे घरमालक. मला वाटलं, हे टेम्पोचे मालक. गाद्या गेल्या, पिंप गेलं, कपाट गेलं आणि दुपारच्या चहाच्या आत घर लागलंसुद्धा. मी आईला विचारलं, "ते गृहस्थ कोण गं?" आई म्हणाली, "म्हणजे? तू नव्हतंस बोलावलं त्यांना?"

ते आमचे समोरचे शेजारी निघाले. शहाडच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी स्टोअरमध्ये गेली होती. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण स्टोअर काही सुटलं नाही. सगळं जग त्यांना एक भलं मोठं, कसंतरी लावलेलं स्टोअर वाटायचं. वस्तू कुठे असायला हवी आणि कुठे आहे, यातलं अंतर त्यांना डोळ्यांत कुसळ गेल्यागत खुपायचं. दवाखान्यात गेले की डॉक्टरांच्या आधी कंपाउंडरला गाठायचे. "इंजेक्शनं तिकडे आणि कापूस इकडे? दिवसभर येरझाऱ्या घालायला पगार देतात का तुम्हाला?" लग्नाला गेले की अक्षता टाकायच्या आधी मुदपाकखान्याची पाहणी व्हायची. लोक त्यांना वधूकडचे समजायचे, काही वराकडचे समजायचे, आणि दोन्हीकडचे त्यांना भिऊन असायचे.

"काम माणसाला दमवत नाही, बाई," ते मला सांगायचे. मी शाळेत शिकवते, म्हणून त्यांच्या लेखी मी बाई. "माणसाला दमवते ती ने-आण. पोळी लाटून कोणी दमत नाही. पीठ आणा, तेल आणा, फडकं शोधा, यात जीव जातो. ने-आण कमी करा, माणूस आपोआप सुखी."

"आणि मग उरलेल्या वेळात माणसाने काय करायचं?" मी विचारायची.

"बसायचं. निवांत. त्याचसाठी तर सगळं चाललंय."

ते स्वतः निवांत बसलेले मात्र मी कधी पाहिले नाहीत. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा कप तोंडाला लावायच्या आधी त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "तुमच्या चहाच्या आणि साखरेच्या डब्यांचं भांडण झालंय का? एक या भिंतीला, एक त्या भिंतीला." आईला हे बोलणं आवडलं नाही. दोन दिवसांनी बघते तो दोन्ही डबे शेजारी शेजारी. आईने मला विचारलं, मी आईला विचारलं. आमचं दार दिवसभर उघडं असायचं, एवढंच सांगते.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो त्यांच्याच घरी होता. त्यांच्या बायकोचं, शालूवहिनींचं, स्वयंपाकघर म्हणजे एक लांबट बोळ. एका टोकाला गॅस, दुसऱ्या टोकाला मोरी. मिठाची बरणी दारामागच्या कोनाड्यात, डाळींचे डबे डोक्यावरच्या फळीवर, पोळपाट खिडकीच्या गजाला अडकवलेला. भाऊंच्या शास्त्राप्रमाणे याहून वाईट स्वयंपाकघर अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नसावं. पण तिथे त्यांचं काही चालत नव्हतं. वहिनी बोलायला मऊ, अंगाने किरकोळ, आणि या एका बाबतीत अगदी करड्या. "बाहेर जगाचं काय भलं करायचं ते करा," त्या म्हणायच्या, "माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही." आणि त्या बोळातून इकडून तिकडे अशा सरसर फिरायच्या की बघत राहावं.

त्यांची मुलगी अश्विनी पुण्याला नोकरी करते. बाबांनी घरबसल्या आईचं डोकं खाऊ नये म्हणून तिने आपला जुना संगणक घरी ठेवला आणि त्यात एक खेळ घालून दिला. बाबांना खेळात गुंतवलं तर आईचा ओटा वाचेल, असा तिचा हिशेब होता.

खेळ असा होता. कुठल्याशा ओसाड माळावर चार-पाच माणसं येऊन पडतात. त्यांनी झाडं तोडायची, दगड फोडायचे, शेत पिकवायचं, घरं बांधायची आणि थंडीतून, रोगराईतून, दरोड्यांतून तगून राहायचं. आपण वरून बघायचं. कोठार कुठे, चूल कुठे, शिवणयंत्र कुठे, दगड घडवायचा ओटा कुठे आणि कोणी कोणतं काम आधी करायचं, एवढं आपण ठरवायचं. बाकी ती माणसं आपापल्या अकलेने हिंडतात. जागा चुकली की स्वयंपाकी एकेका बटाट्यासाठी अख्खा माळ तुडवत जातो आणि तोवर बाकीचे उपाशी झोपतात.

अश्विनीने पहिल्या दिवशी नुसतं कसं चालतं ते दाखवलं आणि ती चहा करायला आत गेली. बाहेरून भाऊंचा आवाज आला, "अगं, हे कोठार इतकं लांब कुठल्या गाढवाने ठेवलं?"

"तुम्हीच, बाबा. आत्ता विचारलं ना तुम्हाला खेळाने?"

त्या दिवसापासून भाऊ त्या माळाचे झाले. मी शाळेतून आले की मला बोलावून प्रगती दाखवायचे. मोठं कोठार एकच असून भागत नाही, हे त्यांना आठवड्यात कळलं. चुलीच्या पाठीलाच एक छोटं कोठार करायचं, त्यात फक्त शिधा. हमाल मोकळे असतील तेव्हा मोठ्यातून छोट्यात भरत राहतील, स्वयंपाकिणीने फक्त हात मागे न्यायचा. दगड घडवायचा ओटा वस्तीत ठेवायचाच नाही, खाणीच्या तोंडाशी न्यायचा. "धोंडा कशाला वाहून आणायचा? तिथेच फोडा, चिरे घेऊन या." शिवणयंत्राशेजारी कापूस, कापसाशेजारी शेत. तयार माल कामगाराने उचलून न्यायचा नाही, तिथेच खाली ठेवायचा आणि पुढच्या कामाला लागायचं, उचलणारे उचलतील. हे सगळं सांगताना त्यांचा चेहरा नातवंडांचे फोटो दाखवणाऱ्या माणसासारखा व्हायचा.

माणसांना नावं देण्याची सोय होती. भाऊंनी सगळी इमारत तिथे वसवली. सेक्रेटरींच्या नावाचा एक इसम होता, तो ओझं उचलायला साफ नकार द्यायचा. "मी काही केलेलं नाही, बाई, त्याचा स्वभावच तसा आला," भाऊ शपथेवर सांगायचे. मीही होते. मला शेती यायची म्हणे. एकदा जिन्यात भेटले तर म्हणाले, "तुम्हाला आज बरं नाही. झोपवलंय मी तुम्हाला." माझ्या मागून येणारे वरच्या मजल्यावरचे पाहुणे एक पायरी थबकले.

एका सकाळी ते पडलेल्या चेहऱ्याने आमच्या दारात आले. "आईसाहेब, काय सांगू, सगळी माणसं उलट्यांनी हैराण झालीत. एकही उभं राहायच्या स्थितीत नाही." आईच्या हातातलं काम गळालं. तिने भराभर लिंबं चिरली, साखर-मीठ घातलं, तांब्याभर पाणी ढवळलं आणि चपला शोधायला लागली. कुठे जायचं विचारलं तेव्हा भाऊंनी संगणकाकडे नेलं. झालं होतं असं की ने-आण वाचवायला त्यांनी मांस कापायचं टेबल थेट चुलीला खेटून ठेवलं होतं. सगळी घाण चुलीपाशी, तिथलंच जेवण सगळ्यांच्या पोटात. आईने पडद्याकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं आणि ते लिंबूपाणी त्यांनाच प्यायला लावलं. शेवटचा घोट पोटात जाईपर्यंत ती हलली नाही.

असल्या फजित्यांनी खचणारा माणूस तो नव्हे. माघी गणपतीचा महाप्रसाद आमच्या गच्चीवर असतो. त्या वर्षी भाऊंनी व्यवस्था मागून घेतली. दरवर्षी खाली स्वयंपाक आणि वर पंगत, म्हणजे पातेली जिन्यातून वाहायची. भाऊंनी आचारीच वर चढवला. इथवर सगळ्यांनी वाहवा केली. मग त्यांनी भात, वरण, भाजी, पुऱ्या, जिलबी, सगळी पातेली एकाच टेबलावर ओळीने मांडली. वाढप्याला कुठे जायलाच नको. पहिली पंगत बसली आणि सगळे वाढपी एकदम त्या टेबलावर तुटून पडले. वरणाची बादली पुऱ्यांच्या परातीत, जिलबीवाला भाजीवाल्याच्या काखेत. कोणालाच बाहेर पडता येईना. पंगत रिकाम्या पत्रावळींपुढे श्लोकामागून श्लोक म्हणत राहिली. शेवटी बायकांनी पातेली चार कोपऱ्यांत ओढून नेली, तेव्हा कुठे लोकांच्या तोंडात घास पडला.

संध्याकाळी भाऊ गच्चीच्या कठड्याशी बसले होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "चुकलं कुठे ते कळलं, बाई. संगणकातली माणसं एकमेकांच्या आरपार जातात. इथे पोट मध्ये येतं."

मी खूप हसले. तेही हसले. या माणसाचं मला हेच आवडायचं की आपण तोंडावर आपटलो तर का आपटलो, याचं कुतूहल त्यांना लाजेपेक्षा जास्त असायचं.

पुढच्या वर्षी त्यांनी मला हळूच एक काळजी सांगितली. वहिनी मंद झाल्यात. पूर्वी अर्ध्या वेळात व्हायचा तो स्वयंपाक आता लांबतो. मध्येच थांबतात. परवा दूध उतू गेलं, काल वाटी पडली. "वय झालं तिचं. आणि ती लांबलचक ने-आण. गॅसपासून मोरी, मोरीपासून मीठ. किती वर्षं चालतेय बिचारी. माझ्यासारखा माणूस घरात असून तिचे पाय झिजावेत?" त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. बायकोवर त्यांचा फार जीव. तो दाखवायची त्यांना एकच पद्धत ठाऊक होती.

वहिनी आठ दिवस लेकीकडे पुण्याला गेल्या आणि भाऊंना संधी मिळाली. उल्हासनगरच्या बाजारात मला घेऊन गेले, मला तिथल्या दुकानांची माहिती म्हणून. एका सिंधी शेठच्या दुकानातून त्यांनी स्टीलचे रॅक आणि एकसारख्या डब्यांचा मोठा संच काढला.

"साईं, होटल खोल रहे हो क्या?" शेठने विचारलं.

"होटल नहीं. घरवाली के वास्ते."

"तो घरवाली को साथ लाने का था ना. रसोई उसकी, रॅक तुम पसंद करता है?"

"सरप्राइज है," भाऊ म्हणाले.

शेठने पावती फाडता फाडता माझ्याकडे पाहिलं. "बहनजी, रसोई का सरप्राइज मेरे पास वापस बहुत आता है," तो म्हणाला. "डब्बे का स्टिकर मत निकालना."

भाऊंनी त्या बोळाचा कायापालट केला, हे मान्य करायला हवं. गॅस मोरीच्या शेजारी आला. त्याच्या पाठीला रॅक, रॅकवर एकाच उंचीचे, एकाच घेराचे डबे, आणि प्रत्येक डब्यावर ठसठशीत अक्षरांत नाव लिहिलेली पट्टी. चहा, साखर, मीठ, तूरडाळ. एका जागी उभं राहून सगळा स्वयंपाक. मला तर ते बघून माझ्याच घराची लाज वाटली.

वहिनी आल्या त्या सकाळी भाऊंनी मला आणि आईला बोलावून घेतलं. वहिनींनी पिशवी खाली ठेवली, आत पाऊल टाकलं आणि त्या थांबल्या. भाऊ सांगत सुटले, हे इथे, ते तिथे, आता तुला हलायलाच नको. वहिनी "बरं" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चहा टाकते सगळ्यांना."

त्या सरळ गॅसच्या जुन्या जागी गेल्या आणि त्यांचा हात मोकळ्या हवेत गेला. तो तिथेच थोडा वेळ उघडा राहिला. मग त्या वळल्या. भिंतीला तळवा लावून, चाचपत रॅकपर्यंत आल्या. एक डबा काढला, झाकण उघडून नाकाशी नेला, परत ठेवला. दुसरा काढला. तोही ठेवला. तिसरा हातातून निसटला आणि लादीभर तूरडाळ पसरली.

"अगं, नाव वाचून घे की," भाऊ म्हणाले. "समोर तर लिहिलंय."

"वाचता आलं असतं तर घेतलं असतं," वहिनी म्हणाल्या.

आईने पुढे होऊन वहिनींना धरलं आणि स्टुलावर बसवलं. तेही नवंच होतं. वहिनींनी मग सांगितलं, अगदी साध्या आवाजात. काचबिंदू होता. कडेचं सगळं दिसायचं कधीच गेलं होतं, आता मधलंही धुरकटत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं परत येत नाही, आहे ते थेंब घालून सांभाळा. थेंबांची बाटली देवांच्या मागे ठेवलेली असायची. घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" भाऊंनी विचारलं.

"तुम्ही अश्विनीला सांगितलं असतं. ती मला घेऊन गेली असती. गुणाची पोर आहे, नाही म्हणायचं कसं? खुर्चीत बसवेल, हातात आणून देईल सगळं. मग मी करू काय, अहो? इथे मला दिसायची गरज नव्हती. हात न्यायचा, वस्तू तिथे असायची."

त्यांना उशीर होत होता तो पायांमुळे नव्हे, हे आता आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. ज्या जागांच्या आधारावर त्या एवढे दिवस डोळस माणसासारख्या वावरल्या, त्या जागा भाऊंनी मायेने उचलून फेकून दिल्या होत्या. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण सहज म्हणतो. भाऊंचा चेहरा पाहून ते मनात आणायलासुद्धा मला जड गेलं.

त्याच दुपारी सगळं परत लावायला घेतलं. वहिनी मध्ये उभ्या राहून हात पुढे करायच्या आणि सांगायच्या, "इथे. नाही, थोडं खाली. हां." भाऊ तिथे वस्तू ठेवायचे. मीठ दारामागेच का, तर वाफेने त्याला पाणी सुटत नाही. डाळींचे डबे डोक्यावर का, तर झुरळं तिथवर येत नाहीत आणि प्रत्येक डब्याचं झाकण वेगळं आहे, बोटांना कळतं. पोळपाट खिडकीत, तर वारा लागून कोरडा राहतो. भाऊंनी एकदाही वाद घातला नाही. फक्त काम संपल्यावर बाहेर येऊन मला म्हणाले, "त्या खेळात मी वरून बघतो, बाई. वरून मला सगळं दिसतं. खाली चालणाऱ्याला काय सापडतं आणि काय नाही, ते मी कधी पाहिलंच नाही."

रॅक आणि डबे उल्हासनगरला परत गेले. शेठने गुपचूप घेतले, एक शब्द बोलला नाही. धंद्यातल्या माणसाकडून एवढा मोठेपणा मी कमी पाहिलाय.

खेळ भाऊंनी सोडला नाही, पण त्यांचा हात जरा आखडला. एखादी म्हातारी स्वयंपाकीण लांबच्या कोठारात जाताना दिसली की मी मुद्दाम टोकायची, "भाऊ, ने-आण!" ते म्हणायचे, "जाऊ दे तिला. तिची वाट आहे ती." अश्विनीलाही त्यांनी स्वतःच फोन करून आईच्या डोळ्यांचं सांगितलं. ती रडली, आली, आईला चांगल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. उत्तर तेच मिळालं. पण त्या बोळात आईला वावरताना पाहून पुण्याला न्यायचं तिने काढलं नाही.

आणि मग आमची इमारत पाडायला काढली. नवी बांधून होईपर्यंत सगळ्यांनी बाहेर राहायचं. बाकीच्यांना भाड्याची आणि शाळेची चिंता. दळवींच्या घरी प्रश्न एकच होता, शालूवहिनी अनोळखी स्वयंपाकघरात काय करणार? अश्विनी म्हणाली, आता दोघंही पुण्याला या. वहिनी लगेच "हो" म्हणाल्या. जिने सगळ्या जन्मात स्वयंपाकघराच्या एका डब्यावरून नवऱ्याला हटकलं, ती बाई एवढ्या पटकन हो म्हणाली, याने भाऊ हादरले. त्यांनी लेकीकडून एक महिना मागून घेतला. महिनाभर बदलापूरला राहू, आईला तिथे एकटीने स्वयंपाक जमला तर ठीक, नाहीतर तू म्हणशील तसं. अश्विनी कबूल झाली, पण तिचा विश्वास नव्हता. खरं तर कोणाचाच नव्हता.

घर सोडायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तर स्वयंपाकघराच्या जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली. कागदाला कागद डकवून भाऊंनी त्या बोळाच्या मापाची चटई केली होती. भिंतीच्या कडेने कात्री फिरवत होते. गॅस कुठे, मोरी कुठे, पिंप कुठे, सगळं खडूने आखलेलं. फळीची, कोनाड्याची, खिडकीची उंची सुतळीने मोजून गाठी मारलेल्या. वहिनी बाहेर बसून मेथी निवडत होत्या. कागदांची ती गुंडाळी भाऊंनी टेम्पोत चढू दिली नाही. रिक्षात मांडीवर आडवी घेऊन ते बदलापूरला गेले.

जागा बदलापूर गावातली, एका शेतकरी कुटुंबाच्या घराचा वरचा मजला. स्वयंपाकघर ऐसपैस, भरपूर उजेड, काळ्या दगडाचा नवाकोरा ओटा. आठवड्याभराने आईने करून दिलेल्या चकल्या घेऊन मी गेले, तेव्हा घरमालक कपाळाला हात लावून बसलेले. मिस्त्रीने त्या खोलीच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी केली होती आणि अर्धा उजेड पलीकडे गेला होता.

"बाई, तुमी तरी सांगा यांना," घरमालक मला म्हणाले. "येवरा मोठा किचन, बाया मोठ्या किचनला जीव टाकतान. आनि हे मधी भिंत घालतान. माझा ओटा तर पार लपवला. तोरू नका म्हनलं, तर म्हनतान, तोरत नाय, झाकतो."

"जाताना सगळं काढून देईन, पाटील," भाऊ म्हणाले. "पण मला जागा अडचणीचीच पाहिजे."

मिस्त्री दाराच्या बिजागऱ्या काढत होता. जुन्या घरी दार उजवीकडे उघडायचं, इथे डावीकडे. "काका, हे उलटं होतंय," तो म्हणाला. "भिंतीवर आपटेल."

"उलटंच कर. आपटू दे."

जमिनीवर ती कागदी चटई अंथरलेली होती आणि भाऊ गुडघ्यांवर बसून तिच्या कडेकडेने एकेक वस्तू लावत होते. गॅस मोरीपासून लांब, होता तेवढाच. मीठ गॅसपासून त्याहून लांब. आयुष्यभर ज्याने दोन डब्यांमधलं अंतर सहन केलं नाही, तो माणूस सुतळी ताणून ताणून गैरसोय जमवत होता. मला भरून आलं. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

सगळं झाल्यावर त्यांनी कागद गुंडाळून बाजूला ठेवले आणि वहिनींना आणायला गेले. वहिनी दाराशी आल्या, चौकटीला हात लावला, आत शिरल्या. भाऊ अडचण नको म्हणून बाहेरच्या खोलीत लांब, भिंतीशी जाऊन उभे राहिले. तोंड घट्ट मिटलेलं. मी त्यांच्या शेजारी.

आतून आवाज येऊ लागले. लायटर. पाणी. फळीवरचा डबा खाली आला. आलं कुटणाऱ्या बत्त्याचा एक ठोका, मग दुसरा. पावलं मोरीपर्यंत गेली, परत आली. कुठे काही पडलं नाही. भाऊंनी माझं मनगट धरलं होतं आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं.

मग सगळं थांबलं. मी डोकावून पाहिलं. वहिनी हातात भरलेला कप घेऊन बोळाच्या मध्ये उभ्या होत्या, आणि त्यांना कुठे वळायचं ते कळत नव्हतं. एकदा भिंतीकडे वळल्या, परत फिरल्या. भाऊंनी डोळे मिटले.

"अहो," वहिनींनी हाक मारली, "तुम्ही कुठे आहात?"

"इथे आहे. बाहेर."

"बाहेर काय करताय? दारात या. चहा होईपर्यंत तुम्ही दारात उभं राहून बडबड करता ना रोज? त्या आवाजावरून तर मला दार कळतं."

भाऊ गेले आणि चौकटीत उभे राहिले. जन्मभर ज्यांना बोलायला विषय कमी पडला नाही, त्यांना काही सुचेना.

"बोला की," वहिनी म्हणाल्या.

"इथे पाणी," भाऊ कसेबसे म्हणाले, "सकाळी लवकर येतं म्हणे."

वहिनी वळल्या, सरळ चालत आल्या आणि त्यांनी कप पुढे केला. तो बरोबर भाऊंच्या हातात आला.

आता मी नाशिकला असते. बदली मागून घेतली आणि आईला घेऊन भावाकडे आले. अश्विनीचा फोन येतो. महिना केव्हाच संपला, आई काही पुण्याला येत नाही म्हणते, असं तिने पहिल्याच फोनवर सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती. भाऊंची माझी त्यानंतर भेट नाही. त्या दुपारी मी निघाले तेव्हा ते दारातच उभे होते. चहा संपला होता, कप हातात तसाच होता, आणि ते आतल्या दिशेने तोंड करून बोलत होते. पाण्याची वेळ, पाटलांची म्हैस, भाजीवाला कुठल्या गल्लीत बसतो. मी "येते" म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण बोलणं थांबवलं नाही.